लांब कळक कुणाचे?

मु. माले, पेटा मुळशी
माघ महिना, सन १९६२

तुळजाअक्काच्या पायांवर धाकट्या भिवाजीचं डोकं, टोपी काढून.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळवावी असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. दाजींचा दमा थंडीत उसळला असेल, त्यांना अडुळशाचा काढा दे आणि विडी काढून घे. चि. कमळसूनबाईला आशीर्वाद. सूनबाई, हे पत्र तूच वाचून दाखवणार, तेव्हा आधीच सांगून ठेवतो: कंसात जे असेल ते मनात वाच, बाकीचं मोठ्यानं. (अक्काला कमी ऐकू येतं असं ती म्हणते, त्यावर विश्वास ठेवू नको. लहानपणी मी गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं तर तिला विहिरीवर ऐकू जायचं.) दादाची तब्येत चांगली आहे. (खोकतो. दिवाळीपासून. त्याचं पुढे लिहितो.)

अक्का, माझ्याविषयी तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल. भोरपर्यंत वावडी गेली असं भैरू गाडीवाला सांगत होता. मी सरकारचा हेर आहे, माझ्या गोठ्यात अख्ख्या गावाच्या तिरड्या बांधून ठेवल्यात, आणि कोण कधी जाणार हे मला आधीच कळवलेलं आहे, असं तू ऐकलं असशील. यातलं काय खरं आणि काय नाही ते धाकट्या भावाच्या तोंडून ऐक. मी तुला कधी फसवलेलं नाही. (गूळ सोडून.)

तुला ठाऊकच आहे, गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं मला येतं. लग्नाला विसरतात, बारशाला विसरतात, पण मयताला भिवाजीला कुणी विसरत नाही. आपल्या आप्पांनी मरायच्या आधी मला शेत दिलं नाही तेवढ्या मनापासून तिरडीच्या गाठी शिकवल्या. गाठ अशी मारायची की वाटेत सैल होता कामा नये आणि तिकडे पोचल्यावर एका झटक्यात सुटली पाहिजे. तर गेल्या आषाढात, पानशेत फुटलं त्याच्याच मागेपुढे, आपला कोंडिबा गेला. (वारला असं वाच. नाहीतर अक्का विचारील, एवढ्या पावसाचा कुठे गेला.) पाऊस असा कोसळत होता की समोरचं आंब्याचं झाड दिसत नव्हतं. तिरडीला बांबू आणावेत तर कळकाच्या बेटाकडे जायच्या वाटेवर ओढा छातीला लागत होता, पौडच्या कुंभाराकडे मडक्याला माणूस धाडावा तर तो परत येईल याचा भरवसा नाही. मयत घरात ठेवून आम्ही आभाळाकडे बघत बसलो. शेवटी वाल्मीकच्या हॉटेलाची शिडी आणली आणि तिच्यावर कोंडिबाला बांधला. मडक्याऐवजी त्याच्या बायकोनं ताकाचा डेरा दिला. बिचारा कोंडिबा, जन्मभर उंचीला भ्यायला, माळ्यावर कधी चढला नाही, आणि शेवटी शिडीवरून गेला. त्या पायऱ्या त्याच्या पाठीला टोचत असतील असं मला सारखं वाटत होतं आणि पावसात मी रडतोय ते कुणाला कळत नव्हतं तेवढं बरं होतं.

(वाल्मीक म्हणजे सडकेला चहाचं हॉटेल टाकलेला. अक्का त्याला 'भजीवाला' म्हणून ओळखेल.) त्या वाल्मीकनं शिडी परत घेतली नाही. मयताला लागलेली शिडी हॉटेलात नको म्हणाला. मग ती आमच्या गोठ्याला टेकून राहिली. तिला कुणी हात लावेना, कोंबड्या मात्र तिच्या पायऱ्यांवर बसून झोपायला लागल्या.

पाऊस उघडल्यावर देवळात बैठक भरली तेव्हा मी उठून बोललो की पुन्हा असं व्हायला नको, चार तिरड्यांचं सामान कोरड्या जागी ठेवून देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाल्मीकनं तर हात वर करून सांगितलं, "ठिवाच. शिड्या वाचतील." मग कार्तिकात, कळकाला भुंगा धरत नाही अशा दिवसांत, मी स्वतः बेटात जाऊन चार जोड्या तोडल्या. कामट्या चिरल्या, सुंभाची वेटोळी केली, मांजरपाटाचा तागा आणला, मडकी आणली. आता आपली रीत तुला ठाऊक आहे. मरणाआधी तिरडीचं सामान घरात आणायचं नाही, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून मी ते घरात न आणता गोठ्याच्या माळ्यावर टाकलं आणि येताजाता कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर पेंढा पसरला. कुठे ठेवलं ते कुणाला बोललो नाही. इथंच माझं चुकलं. अंगणात उघडं टाकलं असतं तर गावानं त्यावर चड्ड्या वाळत घातल्या असत्या आणि विषय संपला असता.

पौषात शेजारच्या सगुणाबाईची कोंबडी अंडं घालायला जागा शोधत त्या शिडीवरून माळ्यावर चढली. सगुणाबाई तिच्या मागून चढली. पेंढा उपसला आणि कोंबडीच्या बुडाखाली अंड्याऐवजी मडकी निघाली, शेजारी पांढऱ्या कापडाचा तागा आणि कळकांच्या जोड्या. तिनं अशी किंकाळी फोडली की माझी म्हैस दोन दिवस आटली. ज्या शिडीला सहा महिने कुणी शिवत नव्हतं तिच्यावरून बाई सरसर उतरल्या आणि थेट वाल्मीकच्या हॉटेलात.

वाल्मीकच्या हॉटेलात पेपर येतो, आदल्या दिवसाचा. तो मोठ्यानं वाचतो आणि न छापलेलंही वाचतो. तेव्हा सगळीकडे अष्टग्रहीचा घोर चालू होता. पौषाच्या अवसेला आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, हे भोरलाही असेलच. वाल्मीकनं ते आठ ग्रह, पानशेतचं पाणी, आपल्या उशाशी असलेलं धरण आणि माझ्या माळ्यावरची मडकी या सगळ्यांची मोट बांधली. म्हणाला, "सरकारला समदं ठावं हाय. लोक घाबरतील म्हनून बोलत न्हाई. गावोगाव एकेक मानूस गाठून सामान आदीच धाडलंय. हितं भिवाजी." मी तावातावानं गेलो आणि म्हटलं, अरे लेका, सरकारनं मला जन्मात एक पोस्टकार्ड धाडलं नाही, ते तिरड्या कशाला धाडील? देवळातल्या बैठकीत तूच हात वर केला होतास की! त्यावर तो सगळ्यांकडे बघून हळूच म्हणाला, "बगा. सरकारी मानूस कवा कबूल हुतो का?" म्हणजे मी हो म्हटलं असतं तर खरंच होतं, आणि नाही म्हटलं तर दुप्पट खरं. मी डोक्याला हात लावला आणि त्याचा चहा न पिता परत आलो. (पिऊन आलो. पण रागानं.)

पुढचे दिवस गावाला दुसरा धंदा उरला नाही. माझ्या चार जोड्यांची मापं पाठ झाली आणि कुठली कुणाची ते गाव ठरवायला लागला. कळक बेटात जसे उगवतात तसे उगवतात, एक जाड, एक बारीक, त्यात माझा काय हात? पण जाड जोडी गिरणीवाल्या गेणबाची ठरली, तेव्हापासून गेणबानं भजी सोडली आणि दोन्ही वेळा ताकावर राहिला. लोक माझ्या नजरेला नजर देईनात. मी कुणाकडे जरा जास्त पाहिलं की तो माणूस आपोआप गुडघे वाकवून ठेंगणा व्हायचा. ठेंगणी म्हातारी सारजाबाई मात्र काठी टेकत दारात आली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, घाबरली. कसली घाबरते! म्हणाली, "समद्या लांबच हायेत. माज्या मापाची एक बी न्हाई ठिवलीस व्हय रं? तुज्या बारशाला म्या घुगऱ्या वाटल्या हुत्या." मी तिला हाताला धरून बसवलं, गूळपाणी दिलं, आणि तुझी मी माझ्या हातानं वेगळी करीन, सगळ्यात झकास, असं वचन दिलं तेव्हा कुठे म्हातारी हसत घरी गेली.

इथपर्यंत मलाही हसू येत होतं, अक्का. पण सगळ्यात लांब जोडी कुणाची यावर गावात वादच झाला नाही. माल्यात एवढा उंच माणूस एकच, आपला हैबतीदादा. हे त्याच्यापर्यंत पोचलं, आणि दादा आडवा झाला. भिंतीकडे तोंड करून निजला. भाकरी नको, पेज नको, अवस होऊन जाऊ दे म्हणाला. तुझी धाकटी भावजय रंभा ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. दादानं आपली घोंगडी भैरूला देऊन टाकली आणि थंडीनं कुडकुडत बसला. अडकित्ता मला दिला. मग सुपारी कातरायला घटकेघटकेला तो परत मागायचा आणि काम झालं की पुन्हा मला द्यायचा. मी त्याला हसवायला बघत होतो. आई गेली तेव्हा तू सासरी होतीस. मला भरवलं ते दादानं. तोच आता माझ्या हातचा घास घेईना, याचं मला किती वाईट वाटलं ते मी कुणाला सांगू?

मी सगळं सामान माळ्यावरून उतरवलं, देवळापुढे मांडलं, गाव गोळा केला. चार जोड्या का, तर पावसाळा चार महिन्यांचा. मांजरपाट का, तर पावसात पौडला जाता येत नाही. लांबी कमीजास्त का, तर बेटाला विचारा. तिरडीला लागतं तेवढंच सामान आहे, त्यात ना सरकार ना ग्रह, ते पूर्वी मेल्यावर आणत होतो, आता मरायच्या आधी आणलंय इतकाच फरक. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकून झाल्यावर गेणबानं विचारलं, "मग जाड जोडी नक्की कुनाची?" मी सगळं उचलून परत माळ्यावर टाकलं.

आता फणसाचं. (सूनबाई, तुझ्या लग्नाआधीची गोष्ट, तुला ठाऊक नसेल. अक्का हे वाचू देणार नाही, तरी वाच.) दर ज्येष्ठात दादा तुला आपल्या झाडाचा कापा फणस पाठवायचा. एका साली चुकून मऊ, लिबलिबीत बरका गेला. तुझ्या सासूबाईंच्या हाताला तो बुळबुळीत गर लागला आणि त्या म्हणाल्या, माहेराहून शेंबूड आलाय. देव त्यांना सुखात ठेवो, पण जीभ अशी की बस. ते तुला लागलं, आणि तू काय केलंस, तर सगळ्या आठळ्या धुऊन, फडक्यात बांधून, दादाला परत धाडल्यास. तेव्हापासून तू माहेरी आली नाहीस आणि दादानं फणस पाठवला नाही. सात-आठ वर्षं झाली. दोघंही माझ्याकडून एकमेकांची खबर काढता आणि दोघंही म्हणता, मी विचारलं म्हणून सांगू नको. मी तुमचा भाऊ आहे का टपाल?

तुला न सांगितलेली गोष्ट आज सांगतो. त्या आठळ्यांतली एक दादानं गोठ्यामागे लावली. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात तो तिला स्वतः कळशीनं पाणी घालायचा. गुरांनी खाऊ नये म्हणून काट्यांचं कुंपण केलं. मी एकदा विचारलं, हे कुणाचं झाड? तर म्हणाला, "जिची आटळी तिचं." त्या झाडाला यंदा पहिल्यांदाच बोटाएवढ्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, धरलेत, बुंध्यालगत.

अवसेच्या आदल्या दिवशी मी दादाच्या उशाशी बसलो होतो. भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "तुळजेचा फनस राह्यला." माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, मग तुला आता मरताच येणार नाही, फणस ज्येष्ठात पिकतो. दादानं मान वळवली. म्हणाला, "मग ती लांब जोडी कुनाची?" मी म्हटलं, फणसाची. म्हणाला, "फनसाला कळक कशाला?" आता एकदा थाप सुरू केली ती कुठंतरी न्यायला हवी. मी सांगत सुटलो. म्हटलं, झाडाचा पहिला फणस, तो लहान का असणार? पौडच्या एस.टी.पर्यंत न्यायचा तर डोक्यावर पेलणार नाही. दोन लांब कळक शेजारी शेजारी ठेवायचे, मधे आडव्या कामट्या बांधायच्या, वर गोणपाट अंथरायचं, त्यावर फणस आडवा घालायचा, हलू नये म्हणून सुंभानं आवळायचा, आणि पुढे मी, मागे तू, खांद्यावर घेऊन... इतकं बोललो आणि मी काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू आलं. दादा माझ्याकडे टक लावून बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, खोकल्याची ढास लागली. तर म्हातारा हसत होता! "भिवा, लेका, फनसाची तिरडी बांदनार व्हय तू? मडकं कोन धरनार, गेनबा?" हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. रंभा धावत आली, तिला सांगितलं तर ती पदर तोंडात कोंबून खाली बसली. दादा उठून बसला आणि त्यानं पिठलं मागितलं. भाकरी संपल्यावर ताट पुसून खाल्लं. मी बाहेर जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलो. (हे कंसात ठेव.)

दुसऱ्या दिवशी अवस झाली. कोंबडा आरवला, ऊन पडलं, म्हैस दुधाला आली, जग बुडालं नाही. गेणबानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग एवढी भजी खाल्ली की त्याच दिवशी त्याची जोडी कामी येते का काय असं वाटलं. वाल्मीक आता म्हणतो की भिवाजीनं सामान देवळापुढे मांडून सगळा बेत उघडा पाडला म्हणून सरकारनं तो लांबणीवर टाकला. म्हणजे गाव मी वाचवला! परवा तो स्वतः आला, शिडी मुकाट्यानं उचलली, आणि हॉटेलाच्या पुढे मांडव घालायला गेणबाची जाड जोडी मागितली. मी दिली. आता त्या कळकांच्या सावलीत बसून गाव चहा पितो आणि कुणाच्या घशात तो अडकत नाही. तेव्हा अक्का, खरा प्रकार हा असा आहे. तिरडीचं साधं सामान होतं, बाकी सगळं रिकाम्या डोक्यांतून निघालं. लांब जोडी फणसाची आहे, ती माळ्यावर आहे, आणि तू निर्धास्त राहा.

दाजींना दंडवत, तुझ्या नातवंडांना पापे. तुझी भावजय विचारते, कुळथाचं पीठ पाठवू का?

तुझा (टपाल) भाऊ
भिवाजी

ता. क. इतकं लांबण लावलं ते एवढं एकच म्हणायला: तू ये. फणस पिकायची वाट बघू नको, याच महिन्यात ये. एस.टी.नं पौडपर्यंत ये, तिथं भैरू गाडी घेऊन उभा राहील. त्याच्या गाडीत दादाची घोंगडी आहे, ती पांघर. दादानं बोलावलं नाही असं म्हणू नको. त्यानं विचारलं, तुळजेला कुयरीची भाजी अजून आवडते का. याहून जास्त तो बोलणार नाही.

ता. क. (सूनबाई, हे अगदी मनात वाच. अक्कानं विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणून सांग. दादाचा खोकला थंडीचा नाही. दिवाळीनंतर पौडच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. उन्हाळा निघेल, पावसाळ्याचं सांगता येत नाही म्हणाले. त्यानंतर मी कळक तोडायला गेलो. जन्मभर माणसांची मापं घेतलेली माझी नजर. बेटात शिरलो आणि सगळ्यात उंच, सगळ्यात सरळ जोडीवर कोयता आपोआप गेला. तोडून झाल्यावर तिथंच खाली बसलो आणि मला उठवेना. म्हणजे गावानं बाकी सगळं खोटं रचलं, तेवढं एक बरोबर ओळखलं. मी दादाला यातलं काही बोललो नाही. पण काल दुपारी तो काठी टेकत गोठ्यात आला, मला जोडी खाली काढायला लावली, कळकांवरून हात फिरवला, पेरं दाबून पाहिली. म्हणाला, "झ्याक निवडलेस. जपून ठिव." मी जोडी परत माळ्यावर चढवली. दारापर्यंत जाऊन तो मागे वळला आणि म्हणाला, "पर आदी फनसाला वापर." सूनबाई, आता वाटतं, हा कंससुद्धा मोठ्यानंच वाच. आणि अक्काला म्हणावं, तुझ्याच आठळीचं झाड आहे, कापा निघेल का बरका ते त्यालाही ठाऊक नाही. बरका निघाला तर या खेपेला दादासमोर बसून, बोटं चाटून खा.)